दुसरा परीक्षक

इमारतीत सगळेच तिला वहिनी म्हणत. सुरुवात दिराने केली, शेजाऱ्यांनी ती उचलली, आणि आता तर तिच्याहून वयाने बराच मोठा असलेला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा तिला वहिनी म्हणूनच हाक मारी. तिला त्याचे काही वाटत नसे. ज्या लोकांसाठी ती दिवसभर काम करी त्यांना तिचे नाव तर सोडाच, ती बाई आहे की पुरुष हेही ठाऊक नव्हते. त्या मानाने वहिनी ही बरीच ओळख झाली.

तिचे काम सांगायला सोपे आणि समजवायला अवघड होते. पूर्वी ती दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीत होती. पुढे प्रोग्रॅम एआयच लिहू लागला, कंपनीने माणसे कमी केली आणि वहिनी घरी आली. आता ती घरबसल्या दुसऱ्या एका कंपनीसाठी एआयने लिहिलेला कोड तपासत असे. कोड वाचायचा, तो सांगितलेले काम नीट करतो का ते पाहायचे, आणि 'मंजूर' किंवा 'नामंजूर' असा निकाल द्यायचा.

"म्हणजे ज्याने तुझी खुर्ची पळवली, त्याचेच पेपर तपासतेस," तिचा नवरा म्हणे. तो लिफ्ट दुरुस्त करी. "लिफ्ट स्वतःच स्वतःचा दोर बदलायला लागली ना, की मीही येतो तुझ्या शेजारी बसायला."

"जागा कुठाय शेजारी?"

जागा खरोखरच नव्हती. गॅलरीला काचा लावून तिने आपले ऑफिस केले होते. एका अंगाला टेबल, दुसऱ्या अंगाला कपडे धुण्याचे मशीन, आणि मधे एक माणूस अंग चोरून वळेल एवढी फट. मशीन फिरू लागले की पडद्यावरची अक्षरे थरथरत, म्हणून दिवसा कपडे धुवायचे नाहीत असा घरात दंडक होता.

कंपनीचे दंडक याहून कडक होते. प्रत्येक काम दोन परीक्षकांकडे जाई. दुसरा कोण, हे पहिल्याला कळत नसे. कामाबद्दल कोणाशी अवाक्षर बोलायचे नाही. दोघांचे निकाल जुळले तर काम पुढे सरके. जुळले नाहीत तर ते वरिष्ठाकडे जाई, आणि वरिष्ठ ज्याला चुकीचा ठरवी त्याचे गुण कापले जात. कापून कापून गुण लाल रेषेच्या खाली गेले की खाते बंद, पुन्हा अर्ज करायचीही सोय नाही. एक सवलत मात्र होती. दुसऱ्याचा निकाल येईपर्यंत आपला निकाल मागे घेता येई.

वहिनीचे गुण चांगले होते. कंपनीत तिच्या शब्दाला थोडे वजन होते, आणि त्या वजनावरच सहा-सात महिन्यांपूर्वी तिने दिराची शिफारस केली होती.

दीर, म्हणजे तिचे भावोजी, त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत. बँकेच्या संगणक विभागात त्यांनी उभी हयात घालवली होती. तिथेही एआय आला, आणि भावोजींना एका सकाळी बोलावून, छान बोलून, घरी पाठवण्यात आले. मग वर्षभर या माणसाने काहीही केले नाही. दाढी केली नाही, वर भावाकडे आला नाही, कोणी भेटायला आले तर बायकोला सांगे, झोपलोय म्हणून सांग. बोलण्यात एरवी कोणाला हार न जाणारा माणूस. पण तोंडातून शब्द फुटेना. वहिनीने आणलेल्या कामाने ते पुन्हा माणसांत आले. आता ते रोज सकाळी मधल्या सुट्टीत तीन जिने चढून वर चहाला येत, येताना पायऱ्यांवरूनच ओरडत, "वहिनी, आधण ठेवा, साहेब आले!" कामाचा विषय सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणे होई.

त्या दिवशी वहिनीकडे आलेले काम होते रक्तपेढीच्या फ्रिजचे. रक्ताच्या पिशव्या ठरावीक थंडाव्यातच ठेवाव्या लागतात. फ्रिजमध्ये तापमान मोजणारा एक सेन्सर असतो, तो दर मिनिटाला आकडा पाठवतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की भोंगा वाजला पाहिजे. प्रोग्रॅम एवढ्यासाठीच. एआयने तो लिहिला होता, आणि त्याच्या चाचण्याही त्यानेच लिहिल्या होत्या. सगळ्या चाचण्यांपुढे हिरवी खूण होती.

वहिनीची वाचायची एक रीत होती. कोड काय करतो हे ती नंतर बघे. आधी बघे, काहीच आले नाही तर तो काय करतो. दवाखान्यांच्या कामात तिला ही खोड लागली होती. तिथे तारा तुटत, वीज जाई, कोणीतरी पंखा लावण्यासाठी भलतीच पिन काढी. म्हणून ती त्या ओळींपाशी गेली, जिथे सेन्सरकडून आकडा आलाच नाही तर काय करावे हे लिहिले होते.

लिहिले होते की शेवटचा आलेला आकडाच पुन्हा धरावा. शेजारी एआयने अदबीने टीपही दिली होती: पडद्यावर रिकामी जागा दिसून कर्मचाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून.

वहिनीने ते पुन्हा वाचले. एखादे मिनिट आकडा चुकला तर हे ठीक होते. पण किती वेळ जुना आकडा धरायचा याला कुठेच हद्द नव्हती. सोमवारी सेन्सरची तार तुटली तर शुक्रवारपर्यंत पडदा चार अंशच दाखवत राहणार. फ्रिज बंद पडो, रक्त नासो, भोंगा गप्प. आणि चाचणी? चाचणीत विचारले होते, आकडा आला नाही तर शेवटचा आकडा धरला जातो का? धरला जात होता. हिरवी खूण. चूक करणाऱ्यानेच प्रश्नपत्रिका काढली होती आणि स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

तिने निकालाचे पान उघडले, 'नामंजूर' वर टिचकी मारली आणि कारण लिहायला घेतले. एवढ्यात पायऱ्यांवरून हाळी आली. पान तसेच ठेवून ती आधण टाकायला उठली.

भावोजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, कप घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "आज एकदम थंडगार काम, वहिनी. रक्तपेढीचा फ्रिज! सगळं हिरवंगार. दिला मंजूर करून, मोकळा झालो."

वहिनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा कपात न पडता ओट्यावर सांडला.

"अहो, सांभाळा! भाजेल." भावोजींनी फडका पुढे केला. मग आपण कामाचे बोललो हे त्यांच्या ध्यानात आले. जीभ चावून ते म्हणाले, "गेलं तोंडातून. तुम्ही काही ऐकलं नाहीत."

"नाही ऐकलं," वहिनी म्हणाली.

भावोजींनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. चहा त्यांनी अर्धाच घेतला आणि काम आहे म्हणत खाली गेले.

वहिनी गॅलरीत येऊन बसली. कंपनीकडे हजारो परीक्षक, जगभर विखुरलेले, आणि एकाच कामाचे दोन कागद एकाच इमारतीत येऊन पडावेत! तिला भावोजींचे गुण ठाऊक होते. त्यांनीच हसत हसत सांगितले होते, की लाल रेषेच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे, एक धक्का आणि आत. तिने 'नामंजूर' दिले की काम वरिष्ठाकडे जाणार. वरिष्ठ त्या ओळी वाचणार. आणि धक्का बसणार.

त्यांना सांगावे? ते अजून निकाल मागे घेऊ शकत होते. जिना उतरून एक वाक्य बोलायचे, 'तार तुटली तर काय होतं ते बघा.' पण तेच तर करायचे नाही असे कंपनीचे म्हणणे होते. आणि ती अट काही उगीच नव्हती. दोन माणसांनी वेगवेगळे वाचले तरच त्याला दोन माणसांनी वाचले म्हणायचे.

दुपारी नवरा जेवायला आला. जवळच्याच इमारतीत त्याचे काम चालू होते. तिने त्याला सगळे सांगितले. सांगताना लक्षात आले की हेही नियमात बसत नाही, पण कोणाशी तरी बोलल्याशिवाय तिला राहवेना.

"एवढंच ना?" तो हात धुता धुता म्हणाला. "खाली जा आणि सांगून टाक. घरातल्या घरात कोण बघतंय?"

"मी बघतेय की."

"मग तू डोळे मीट, मी सांगतो. मी काही तुमच्या कंपनीचा नोकर नाही."

"अहो, चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही गं." तो ताटावर बसला, पण घास उचलला नाही. "तो वर्षभर कसा होता ते पाहिलंयस ना? माझा भाऊ आहे म्हणून नाही म्हणत. बरं, सांगू नकोस. मग काहीच करू नकोस. मुदत कधीपर्यंत?"

"संध्याकाळी सहा."

"सहा वाजू दे. निकाल देऊच नकोस. काम आपोआप दुसऱ्या कुणाकडे जाईल. तो सांगेल मंजूर की नामंजूर. तुझ्या हातून काही झालं नाही, संपलं."

हा विचार वहिनीच्याही मनात येऊन गेला होता, म्हणूनच तो नवऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला जास्त लागला. "आणि त्या दुसऱ्याने हिरव्या खुणा बघून मंजूर केलं तर?"

"तर तो जाणे."

"तुम्ही लिफ्टचा दोर झिजलेला बघितलात, आणि पाळी संपली म्हणून निघून आलात, असं कधी झालंय?"

तो मुकाट्याने जेवला, चपला घातल्या, आणि दारातून वळून म्हणाला, "दोराला भाऊ नसतो." मग स्वतःच ओशाळून जिना उतरला.

तो गेला आणि थोड्या वेळाने धाकटी जाऊ वर आली. ती एका शाळेत शिकवी, आज लवकर सुटली होती. तिच्या हातात नवऱ्याचा शर्ट होता.

"ताई, या रंगाचा दोरा आहे का तुमच्याकडे? बटण तुटलंय. परवा त्यांना म्हणे व्हिडिओवर कुठली बैठक आहे, तर स्वारी म्हणते हाच शर्ट हवा." ती हसली. "बैठकीसाठी शर्ट निवडतायत! मागच्या वर्षी अंघोळीला उठवायला मला दोनदा हाका माराव्या लागायच्या."

वहिनी दोऱ्यांचा डबा शोधू लागली. डबा समोरच होता, तरी तिला दिसेना.

"तुम्हाला कधी म्हटलं नाही मी," जाऊ मागून म्हणाली, "पण ते काम तुम्ही आणलं नसतं ना ताई, तर आमच्या घराचं काय झालं असतं मला सांगता येत नाही. तुमचे उपकार..."

"उपकार-बिपकार काही बोलू नकोस!" वहिनी एकदम म्हणाली. इतक्या जोरात, की जाऊ एक पाऊल मागे सरली. "डोकं दुखतंय गं. हा घे दोरा. डबाच घेऊन जा."

जाऊ डबा घेऊन गेली. वहिनीने दार लावले आणि दाराला टेकून उभी राहिली. गॅलरीतून संगणकाचा टुणकन आवाज आला. कंपनीच्या समन्वयक बाईंचा निरोप होता: आपला निकाल प्रलंबित आहे, काही अडचण आहे का? वहिनी एरवी इतका वेळ लावत नसे. तिने लिहिले, 'वाचते आहे.' हे अर्धे खोटे होते. वाचून झाले होते. ती फक्त बसली होती.

तिने कोड पुन्हा वरून खाली वाचला, या आशेने, की आपलेच काही चुकले असेल. कुठेतरी दुसरीकडे हद्द घातलेली असेल, आपल्या नजरेतून निसटली असेल. तसे असते तर किती बरे झाले असते! आपली चूक सापडावी म्हणून इतक्या काकुळतीने तिने आजवर काही शोधले नव्हते. हद्द कुठेही नव्हती.

चारच्या सुमारास पुन्हा पायऱ्या वाजल्या. हाळी मात्र आली नाही. भावोजी सरळ गॅलरीच्या दाराशी येऊन उभे राहिले. वहिनीने झटकन पडदा काळा केला.

"कशाला झाकता?" ते म्हणाले. "सकाळपासून माझ्याकडे दिसतंय, 'दुसऱ्या परीक्षकाची प्रतीक्षा'. इतका वेळ कधी लागत नाही. आणि सकाळी तुम्ही ओट्याला चहा पाजलात. दुसरा परीक्षक तुम्ही आहात."

वहिनी काळ्या पडद्याकडे पाहत राहिली. तिचा चेहराच बोलत होता.

"आणि तुम्ही नामंजूर करणार."

"भावोजी, मी काही बोलणार नाही. तुम्ही खाली जा."

"शेवटचा आकडा धरून ठेवतो. हद्द नाही. तेच ना?"

वहिनी खुर्चीतच त्यांच्याकडे वळली. "म्हणजे... तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं." भावोजी धुण्याच्या मशीनवर टेकले. तिथे टेकायला दुसरे काही नव्हते. "पहिल्याच वाचनात दिसलं. मी काय आंधळा आहे?"

"मग मंजूर कसं केलंत?"

"गेल्या महिन्यात असंच एक होतं," ते म्हणाले. "मी नामंजूर केलं. चुकीचं नव्हतं माझं म्हणणं. पण दुसऱ्याने हिरवं बघून मंजूर केलं, वरिष्ठाने त्याचं धरलं, म्हणाला, एवढी बारीक गोष्ट अडवण्यासारखी नाही. गुण गेले. त्याच्या आधीही एकदा तेच. तेव्हापासून वहिनी, मी कोड वाचतो, आणि मग कोडचा विचार करत नाही. विचार करतो, दुसरा काय म्हणेल? घाईत असेल. हिरव्या खुणा बघेल. मंजूर म्हणेल. मग मीही मंजूर." ते थांबले. "आज त्या दुसऱ्याचा अंदाज बांधताना मी एक झोपाळू माणूस डोळ्यांसमोर आणला होता. तुम्ही निघालात."

वहिनीला राग आला, आणि तो भावोजींचा आला की कंपनीचा, हे तिला ठरवता येईना. सकाळपासून ती समजत होती की या माणसाची नजर चुकली. नजर चुकली असती तर तिला त्याची दया आली असती. पण नजर शाबूत होती.

"रक्त होतं ते, भावोजी," ती हळू म्हणाली.

"माहीत आहे."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिचे टीं टीं चालले होते.

"अजून तुम्हाला मागे घेता येईल," वहिनी अखेर म्हणाली. आपण हे बोललो याचे तिलाच नवल वाटले. "मी अजून पाठवलेला नाही."

भावोजी बोट मशीनच्या झाकणावरून फिरवत राहिले.

"तासभर तोच विचार करतोय खाली बसून," ते म्हणाले. "दोनदा त्या बटणापर्यंत गेलो. तुम्ही कोण हे कळायच्या आधी मागे घेतला असता, तर ती माझी अक्कल म्हटली असती. आता घेतला तर ती तुमची अक्कल, माझ्या सहीने. पुढच्या वेळी दुसरा परीक्षक तुम्ही नसाल. मग मी काय करेन? परत त्या झोपाळूच्या मागे जाईन." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढले. "पाठवा तुम्ही."

"घरी काय सांगाल?"

"ते माझं मी बघतो. पाठवा, वहिनी. मी इथे उभा आहे तोवर पाठवा. खाली गेलो की माझं मन बदलेल."

वहिनीने पडदा उजळला. कारण लिहून संपवले. पानाच्या तळाशी एक प्रश्न असे, ज्यावर ती इतक्या दिवसांत न वाचताच टिचकी मारत आली होती: या कामाविषयी आपले कोणाशी बोलणे झाले आहे का? 'नाही' ची चौकट आधीच निवडलेली असे. आज तिचा हात तिथे अडला.

"'हो' वर मारा," भावोजी तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "लिहा, दुसरा परीक्षक त्याच इमारतीत राहतो, नात्याने दीर, तोच आधी बोलला."

"माझंही खातं जाईल कदाचित."

"जाईल कदाचित." मग ते हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "दादाला सांगा, लिफ्टमध्ये दोन माणसांची भरती आहे का."

वहिनीने 'हो' निवडले, चार ओळी लिहिल्या, नवऱ्याशी बोलल्याचेही लिहिले आणि पाठवून दिले. पाठवल्यावर पडद्याने नेहमीसारखे 'धन्यवाद' म्हटले आणि लगेच दुसरी पाटी आली: आपले खाते चौकशीपर्यंत थांबवण्यात आले आहे. शेजारी भावोजींच्या खिशात फोन थरथरला. त्यांनाही तीच पाटी आली होती.

समन्वयक बाईंचा फोन यायला फार वेळ लागला नाही. दोघे एकाच ठिकाणी आहेत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, दोघांशी एकत्रच बोलते. आवाज तरुण होता, थकलेला होता. त्यांनी आधी वहिनीला विचारले, मग भावोजींना. भावोजींनी काही लपवले नाही. चहाच्या वेळचे सांगितले. आणि कोणी विचारले नसताना हेही सांगितले, की चूक दिसली होती आणि तरी मंजूर केले.

"हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. "मी नजरचूक लिहिलं असतं. आता मला ते लिहिता येणार नाही."

"नका लिहू."

"का केलंत तसं?"

भावोजींनी झोपाळू माणसाची गोष्ट सांगितली, थोडक्यात, कुठलीही रडकथा न लावता. मग म्हणाले, "बाई, मी ज्या दुसऱ्याचा अंदाज बांधत होतो, तोही तिकडे बसून माझा अंदाज बांधत असेल. मग कोड वाचत होतं कोण?"

पलीकडून की-बोर्डचा आवाज येत राहिला, बाई काहीतरी लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी सांगितले. फ्रिजचा कोड परत पाठवला जाईल. वहिनींचे खाते काही दिवसांनी पुन्हा सुरू होईल, शिफारशीचा अधिकार मात्र राहणार नाही. भावोजींचे खाते या क्षणापासून बंद. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, आणि ते वाचून दाखवल्यासारखे वाटले नाही.

भावोजी तीन जिने उतरून गेले. वहिनी गॅलरीतच बसून राहिली. पडद्यावर कामाची यादी उघडत नव्हती, आणि सहा वाजायच्या आत हातात काही नसणे तिच्या अंगवळणी नव्हते. शेवटी तिने मळके कपडे मशीनमध्ये कोंबले आणि मशीन लावले. टेबल थरथरू लागले.

त्या आवाजात तिला दार वाजलेले ऐकू आले नाही. मान वळवली तर जाऊ गॅलरीच्या तोंडाशी उभी होती. डोळे लाल, केस तसेच.

"त्यांनी सांगितलं सगळं," जाऊ म्हणाली. "ताई, तुम्ही मंजूर म्हटलं असतंत तर?"

"तर कुणाला काही कळलं नसतं."

"मग?"

"मग काय, मला ठाऊक असतं. भावोजींना ठाऊक असतं. आणि रोज दोघं समोरासमोर बसलो असतो."

"मला तुमचा भयंकर राग आलाय."

"येऊ दे."

"त्यांचाही आलाय. त्यांना म्हटलं, दिसलं होतं तर बोलायचं होतंत! शाळेत मुलं शेजारच्याचं बघून लिहितात, मी त्यांना उभं करते. आणि हा माणूस, शेजारी कोण बसलाय हे माहीत नसताना त्याचं बघून लिहितो!" ती बोलता बोलता रडू लागली आणि रडता रडता थोडी हसलीही. "काय करतायत माहितेय का? दाढी करतायत. संध्याकाळी! म्हणतात, बँकेतल्या जुन्या साहेबांकडे जाऊन येतो, खातं का गेलं ते मीच आधी सांगतो, मग काम मागतो. असं कोणी देतं का काम?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. तिला खरेच माहीत नव्हते.

"मला आत्ता तुमच्याशी बोलायचंच नाहीये," जाऊ म्हणाली.

"नको बोलूस. बस जरा."

तिने खुर्ची मोकळी करून दिली आणि स्वतः मशीनला टेकून उभी राहिली. जाऊ बसली. खाली जिन्याचा दरवाजा आपटला. काचेतून भावोजी फाटकाकडे जाताना दिसले, इस्त्रीचा शर्ट घातलेले, चाल जरा जास्तच ताठ. पहारेकऱ्याने काहीतरी विचारले. ते थांबले, त्याला उत्तर दिले, आणि बाहेर पडले.

जाऊ उठून काचेपाशी गेली आणि ते वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.